अकरावी चिठ्ठी

"थांब," म्हणत बाईंनी घड्याळाची कळ दाबली. "मिनिट झालं."

समोरच्या मुलीने कार्डावरून मान वर केली. चष्मा नाकाच्या शेंड्यापर्यंत घसरला होता. "पण बाई, उरलंय अजून."

"उरू दे. पुढच्याला पाठव."

"त्या घराची सातवी खिडकी कोण उघडतं, ते आलंच नाही."

"कळेल गं नंतर. पळ."

मुलगी नाइलाजाने कार्ड ठेवून गेली. बाईंनी तक्त्यात तिच्या नावापुढे चौतीस लिहिलं. मिनिटाला चौतीस शब्द. चौथीच्या मुलांनी साठाच्या पुढे जायला हवं, आणि वर्गातली तीसपैकी अठरा पोरं चाळिसाच्या आतच अडकली होती. अक्षरओळख पक्की, जोडाक्षरंही यायची. पण वाचायला लावलं की अंधारात जिना चढल्यासारखी प्रत्येक शब्दावर पाय चाचपत उभी राहायची.

पुढचा मुलगा आला. त्याने खाकरून घसा साफ केला, जणू भाषणच करायचं होतं. "एका डोंगरावर… एक घर होतं. घराला…"

बाईंची पेन्सिल थांबली. मुलाच्या आवाजाखाली दुसरा एक आवाज वाचत होता. बारीक, घशातून खरवडून आलेला. "ना… वा… डी… म्ह… म्हणाला…"

कार्डावर नावाडी नव्हता. बाईंनी खिडकीकडे पाहिलं. पटांगण रिकामं होतं. मुलगा वाचतच होता, आणि त्याच्या खाली तो आवाज "म्हणाला" या शब्दापाशी येऊन थांबला. नेहमी तिथंच थांबायचा. नावाडी काय म्हणाला, ते कधी यायचंच नाही.

"बाई, मिनिट झालं?" मुलाने विचारलं. घड्याळात दीड मिनिट होऊन गेलं होतं.

गेले तीन आठवडे हे असं चाललं होतं. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, वाचनाचं हे संशोधन त्यांच्या गळ्यात घातल्यापासून. मोठ्या बाई वयाने त्यांच्याहून बारा वर्षांनी लहान, पण कामाला वाघ. मधल्या सुट्टीत त्या वर्गाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"आराखडा सोमवारी हवाय हं. प्रशिक्षण केंद्राच्या साहेबांचे दोन फोन येऊन गेले."

"चाचण्या होत आल्यात. रोज अर्धा तास घेईन म्हणते. आधी मी वाचायचं, मग त्यांनी त्याच चालीत. एकच उतारा चारदा. मग जोड्या लावून एकमेकांना वाचून दाखवायचं."

"ते तुम्ही बघालच, तुम्ही यात मुरलेल्या. फक्त दोन गट पाडा. पंधरा जणांना तुमची पद्धत आणि पंधरा नियंत्रित गटात. चार महिन्यांनी दोघांची चाचणी. फरक डोळ्यांत भरला पाहिजे."

"आणि त्या दुसऱ्या पंधरांना त्या अर्ध्या तासात काय करू?"

"काहीही द्या. चित्रं काढतील. त्यांना शिकवायचं नाही, नुसतं मोजायचं." मोठ्या बाई जाता जाता वळल्या. "आणि चिठ्ठ्या टाकूनच पाडा गट. म्हणजे कुणी आपल्यावर बोट ठेवायला नको."

त्या गेल्या. बाई खुर्चीवर बसून राहिल्या. मुलं डबे आपटत आत आली तरी त्यांना उठायचं सुचेना.

सव्वीस वर्षांपूर्वी याच शाळेत त्यांनी असंच संशोधन केलं होतं. तेव्हा त्या एकतीस वर्षांच्या होत्या, अंगात उत्साह मावत नव्हता. वर्गात बावीस मुलं. अकरांना शिकवायचं, अकरांना मोजायचं. शाळा सुटल्यावर शिक्षकांच्या खोलीत त्या एकट्याच बसल्या, बावीस चिठ्ठ्या खडूच्या डब्यात टाकल्या, डबा हलवला आणि एकेक काढू लागल्या. दहा नावं चांगली निघाली. अकरावी चिठ्ठी उघडली, तर मुंगी.

मुंगी हे नाव बाईंनीच पाडलेलं. ती मुलगी ओळीवर बोट ठेवून वाचायची आणि ते बोट मुंगीच्या चालीनं सरकायचं. मिनिटाला बारा शब्द. बाई गमतीने एकदा म्हणाल्या आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. मुलगी गुणी, हसरी, पण ती अकरांत आली असती तर सगळ्या गटाची सरासरी खाली ओढली असती. बाईंनी दाराकडे पाहिलं. कुणी नव्हतं. त्यांनी चिठ्ठीची पुन्हा घडी घातली, डब्यात टाकली आणि दुसरी काढली.

एवढंच. चिमटी उघडून मिटण्याइतका वेळ लागला असेल.

अहवाल छापला गेला, मानपत्र मिळालं, इतर शाळांतले शिक्षक पद्धत बघायला आले. पद्धत खोटी नव्हतीच. त्या अकरा जणांचं वाचन खरोखरच नदीसारखं वाहू लागलं होतं. मुंगी सहावीनंतर शाळेतून गेली. कुणी विचारलं नाही, बाईंनी सांगितलं नाही. मग वर्षं अशी भराभर गेली की बाईंना वाटलं, आपण विसरलो.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर त्यांनी वर्ग झाडणाऱ्या मावशींना गाठलं. मावशी शाळेत बाईंच्याही आधीपासून होत्या. कुणाचं कुठं काय झालं, हे त्यांना हजेरीपटापेक्षा जास्त ठाऊक.

"मावशी, मुंगी आठवते का हो?"

"न आठवायला काय झालं! मोठ्या दवाखान्यात आहे की, कपडे धुतात तिथं. माझ्या सुनेच्या वेळी भेटली होती. चादर मागितली तर दोन आणून दिल्या पोरीने." मावशींनी झाडू थांबवला. "का हो? एकदम तिची आठवण?"

"सहजच," बाई म्हणाल्या.

शनिवारी दुपारी त्या दवाखान्यात गेल्या. धुलाईघर तळघरात होतं. जिना उतरतानाच गरम वाफ तोंडावर आली. आत बाष्पाने भिंती ओल्या झालेल्या, मोठमोठी यंत्रं घरघरत होती आणि एका लांब टेबलापाशी एक बाई उशांच्या अभ्र्यांना इस्त्री करत होती. छत्तिशीची असेल. कानशिलावरचे केस पिकलेले.

"भेटीची वेळ वरच्या मजल्यावर चौकशीत विचारा," ती मान वर न करता म्हणाली.

"मुंगे."

इस्त्री तिथंच उभी राहिली. मग ती बाई टेबलाला वळसा घालून जवळजवळ धावतच आली. "अगंबाई! बाई, तुम्ही? कुणी आजारी आहे का? यजमान बरे आहेत ना?"

"सगळे बरे आहेत. तुलाच भेटायला आले."

"मला?" तिने एक स्टूल ओढलं, पदरानेच पुसलं. "बसा, बसा. इथं कोण येतंय आम्हाला भेटायला! एकोणीस वर्षं झाली, पहिल्या पाहुण्या तुम्ही."

चहा आला. मुंगी भरभरून बोलत होती. नवरा रुग्णवाहिकेवर चालक. एक मुलगी, नववीत. "वाचनात तर अशी धडाड, बाई! पुस्तक हातात घेतलं की खाणं विसरते. माझ्यावर नाही गेली, एवढं बरं झालं."

"तू वाचतेस का काही?"

"वाचता येतं की मला." ती हसली. "पण शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरते. घरी काही कागद आला की लेक हातातून काढून घेते. 'आई, दे, मी वाचते.' रागाने नाही हो, घाई असते तिला. पोरगी चांगली आहे."

बाईंनी कप नुसताच बोटांत फिरवला.

"वर वॉर्डात जायची फार इच्छा होती," मुंगी सांगत होती. "पेशंटचं करायला मला आवडतं. चारदा परीक्षेला बसले. पेपर सोपा असतो, सगळं येतंही. पण तिसऱ्या प्रश्नापर्यंत जाते आणि घंटा होते. मग म्हटलं, जाऊ दे. इथंही काही वाईट नाही. हिवाळ्यात तर राणीचा थाट!"

बोलायची वेळ हीच होती. बाईंनी कप खाली ठेवला. "मुंगे, चौथीत मी काही मुलांना रोज वेगळं वाचायला बसवायची…"

"आठवतंय ना! ती बिचारी आत घोकत बसायची आणि आम्हाला तुम्ही झाडांना पाणी घालायला सोडायचात." तिचे डोळे चमकले. "किती वाट बघायचो आम्ही त्या अर्ध्या तासाची! आम्हाला वाटायचं, आम्ही अकरा जण बाईंच्या लाडक्यातले. म्हणून तर आम्हालाच सोडतात. मी लेकीलाही सांगितलंय, शाळेत मी बाईंची लाडकी होते म्हणून."

बाईंनी कप पुन्हा उचलला. यंत्राने घरघर थांबवली आणि एकदम शांतता पसरली.

"एक विचारू?" मुंगी म्हणाली. "तुम्ही कार्ड द्यायचात ना चाचणीला, नावेचं. दर वेळी मध्येच मिनिट संपायचं. नावाडी काय म्हणाला, ते मला कधी कळलंच नाही. ती माणसं पोचली का हो पलीकडे?"

बाईंनी आठवून पाहिलं. उतारा त्यांनीच लिहिला होता. एक शब्दही आठवेना.

"बघून सांगते," त्या म्हणाल्या आणि उठल्या. जिना चढताना त्यांनी कठडा घट्ट धरला होता.

रविवारी सकाळी त्यांनी माळ्यावरून जुना अहवाल काढला. यजमान वर्तमानपत्राआडून बघत होते. निवृत्त झाल्यापासून त्यांना बघण्याशिवाय उद्योग नव्हता.

"जुनं प्रेमपत्र सापडल्यासारखी काय वाचतेस?"

"तुमची कुठं होती प्रेमपत्रं? आलं ते तुमच्या वडिलांचं कार्ड, गाडी किती वाजता पोचते ते कळवणारं."

ते हसले, पण बाई हसल्या नाहीत. शेवटच्या पानांत उतारा होता. "नावाडी म्हणाला, घाबरू नका, मी आहे ना. आणि त्याने सगळ्यांना सुखरूप पलीकडे नेलं." बाईंनी अहवाल मिटला. एकतीस वर्षांच्या त्या उत्साही बाईने लिहिलेली ही ओळ त्यांना वाचवेना.

"काय झालं?" यजमानांनी विचारलं. आता आवाजात थट्टा नव्हती.

"काही नाही. एका मुलीचं राहिलंय माझ्याकडे."

सोमवारी आराखड्याचा कागद मोठ्या बाईंच्या टेबलावर पडला. त्यांनी चष्मा लावला, वाचला, उलटून मागची बाजू पाहिली.

"नियंत्रित गट कुठाय?"

"नाही. तीसच्या तीस जणांना शिकवणार."

"अहो, पण मग तुलना कशाशी करायची?"

"त्यांच्याच आधीच्या वाचनाशी. चाचण्यांचे आकडे जोडलेत."

"साहेब हे परत पाठवतील."

"पाठवू देत."

मोठ्या बाईंनी चष्मा काढला. "मग हे संशोधन नाही झालं. ही नुसती शिकवणी झाली."

"नुसती शिकवणीच करायची राहिलीय माझी," बाई म्हणाल्या, आणि मग खुर्ची ओढून बसल्या आणि सगळं सांगितलं. डबा, दार, अकरावी चिठ्ठी, धुलाईघर. मोठ्या बाई मधेच उठल्या आणि त्यांनी खोलीचं दार लावून घेतलं.

"हे मला सांगितलंत ते सांगितलंत," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "आणखी कुणाला नका बोलू. पुढच्या वर्षी निवृत्त होताय. कोण विचारतंय आता? जुनं उकरून त्या बाईच्या तरी हातात काय पडणार? बिचारी समजतेय लाडकी होते, तर समजू दे की. तिचं तेवढंच तर सुख."

बोलणं खोटं नव्हतं, हीच तर अडचण होती.

बुधवारी आराखडा परत आला. "तुलनेसाठी गट नाही. नामंजूर." गुरुवारी बाईंनी तीसही मुलांना जमिनीवर गोल करून बसवलं आणि वाचायला घेतलं. आधी त्या, मग मुलं. पहिल्यांदा आवाज विस्कटले, कुणी पुढे पळालं, कुणी मागे राहिलं. चौथ्या वेळी ओळ एकसंध उठली, तशा मोठ्या बाई आपल्या खोलीतून बाहेर येऊन ऐकत उभ्या राहिल्या. मुलांना स्वतःचंच नवल वाटत होतं. बाईंनीही मान डोलावली.

आणि तेव्हाच त्यांना ऐकू आला, तीस आवाजांच्या खाली तो एकतिसावा. घाई न करता, कुणावर रागावून नाही, आपला एकेक अक्षर चाचपत. बाईंनी ठरवलं, आज जायचं.

संध्याकाळचे पाच वाजले होते. धुलाईघरात मुंगी एकटीच होती. वाळवणीच्या यंत्रातून निघालेल्या चादरींचा ढीग तिच्या कमरेपर्यंत आला होता.

"बाई, परत? या, या. बरं झालं आलात." तिने लांबलचक चादर झटकली. "धरा दोन टोकं. जोडीदारीण रजेवर आहे आणि सहापर्यंत या सगळ्या वर गेल्या पाहिजेत."

बाईंनी पर्स खुंटीला अडकवली आणि टोकं धरली. चादर ऊन ऊन होती. दोघींनी ताणली, दुमडली, पुढे येऊन मुंगीने बाईंच्या हातातली टोकं घेतली. मग दुसरी. दहा-बारा चादरींत बाईंना ताल सापडला.

"पोचली गं नाव," त्या म्हणाल्या.

"पोचली ना?" मुंगी मनापासून हसली. "आणि काय म्हणाला तो?"

"म्हणाला, घाबरू नका, मी आहे ना."

"छान. मला वाटायचंच, काहीतरी चांगलंच म्हणाला असणार."

चादर दोघींच्या मधे ताणलेली होती. आता दुमडायची होती. बाईंनी टोकं तशीच धरून ठेवली.

"मुंगे, तुझी चिठ्ठी निघाली होती."

"कसली चिठ्ठी?"

"ती अकरा मुलं मी चिठ्ठ्या टाकून निवडली होती. ज्यांना वाचायला शिकवलं ती. अकरावी चिठ्ठी तुझी निघाली. मी ती परत डब्यात टाकली आणि दुसरी काढली."

मुंगीच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. उशीर झालेल्या पाहुण्यासारखं घुटमळत राहिलं. "का?"

"तू फार हळू वाचायचीस. माझा निकाल बिघडला असता."

"आणि झाडांना पाणी?"

"तुम्ही आत नको होतात, म्हणून."

"म्हणजे लाडक्या म्हणून नाही."

"नाही."

कुठल्या तरी यंत्रात पाणी भरत होतं. मुंगी त्या आवाजाकडे कान देऊन उभी राहिली. चादरीवरची तिची पकड ढिली झाली नव्हती.

"माझ्या नावाचीच होती? नीट बघितलंत?"

"हो. माझ्याच हातचं अक्षर होतं."

"मी आपली समजत होते, माझं नशीबच तसलं," मुंगी सावकाश म्हणाली. "घरांच्या सोडतीत नाही, बदलीच्या यादीत नाही. नवऱ्यालाही म्हणायची, कशातच माझं नाव निघत नाही बघा." ती थांबली. "निघालं होतं की."

"मुंगे, मी अजूनही शिकवीन. रोज येते इथं. चार महिने दे मला, फक्त चार…"

"बाई." आवाज वर गेला नाही. "मला सहापर्यंत हे संपवायचंय."

ती चालत पुढे आली. बाईंच्या हातातली दोन्ही टोकं तिने काढून घेतली. पहिल्यासारखीच, अलगद. पण या वेळी तिने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं नाही. घडी ढिगावर ठेवली आणि पुढची चादर उचलली.

बाईंनी हात पुढे केले.

मुंगीने चादर एकदा जोरात झटकली. काठाचा मधला भाग हनुवटीखाली दाबला, दोन्ही हात लांब पसरून टोकं जुळवली, पोटाशी धरून दुमडली, पुन्हा दुमडली. एकटीने. एकोणीस वर्षांत कितीदा तरी केली असेल तशी. काठाला काठ बरोबर बसला होता, कुठं सुरकुती नव्हती. ती तिने ढिगावर ठेवली, तळहाताने सपाट केली आणि पुढची घेतली.